बाजूच्या दाराची पट्टी

आमच्याकडे खडूचा एक कायदा आहे. लाकडावर खडूने गोल केला, की तिथे दोष आहे आणि तो काढायचा. बाण केला तर रेषा त्या दिशेला घ्यायच्या, आणि फुली म्हणजे टाकाऊ. हा कायदा सासऱ्यांनी केला, तेव्हा मी या घरात आलेही नव्हते.

जुन्या मोटारींच्या आतलं लाकूडकाम आम्ही नव्यासारखं करून देतो. डॅशबोर्ड, सामानाच्या खणाचं झाकण, दारांवरच्या पट्ट्या. घराच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. पहिलीत सासरे जुनं लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, खरवडतात आणि लाकूड घासून घेतात. उखडलेल्या जागी मी नवं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, बसवते. दुसरीत आमचे हे लॅकर मारतात आणि तोंडाला फडकं बांधून गाणी म्हणतात.

माझा एक नेम आहे. उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षी घेतला, त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं चांगलं झालं नव्हतं. काय बोलले ते लिहीत नाही. सकाळच्या वेळी तोंडातून आग निघते हे मला स्वतःबद्दल कळलं, म्हणून सकाळ देवाला देऊन टाकली. घरच्यांना सवय झाली आहे. सकाळी काही सांगायचं असलं तर खिळ्याला पाटी टांगलेली असते, तिच्यावर लिहिते. यांनी तिचं नाव ‘मॅडमचं तोंड’ ठेवलं आहे.

ज्या मोटारीची ही गोष्ट, तिचं लाकूड आमच्याकडे आलं ते गठ्ठ्यात, जुन्या चादरीत बांधून. मालक साठी उलटलेले, उंच, ताठ. लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घ्यायची नोकरी करून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना आपसात परीक्षकच म्हणायचो. पहिल्या दिवशीच त्यांनी यांना सुनावलं होतं, “तुम्ही टेम्पो मागे घेताना आरसा पाहिला नाहीत.”

“साहेब, अंगण माझंच आहे.”

“अपघात आपल्याच अंगणात जास्त होतात,” ते म्हणाले, आणि गठ्ठा सोडायला बसले.

गाठींच्या अक्रोडाचं काम होतं ते. गाठींचं म्हणजे रेषा सरळ धावत नाहीत, उकळत्या पाण्यासारख्या फिरतात. एकाच झाडाचे एकाखाली एक काढलेले पातळ पापुद्रे उघड्या पुस्तकासारखे लावलेले, म्हणजे डाव्या दाराची पट्टी उजव्या दाराची आरशातली छबी. ते झाड कधीच गेलं. त्यातली एक पट्टी वाया गेली तर जगात तिला जोड नाही. सासऱ्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, “अशी कामं आता येत नाहीत. हे मी करतो. कुणी मधे हात घालू नका.” त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात, हात मात्र अजून तरुण.

तीन दिवसांत त्यांनी सगळं लॅकर खरवडून लाकूड उघडं केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परीक्षक अचानक आले. सासरे औषध आणायला गेले होते, हे बाहेरगावी. मी एकटीच होते.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाजूच्या सीटच्या दाराची पट्टी उचलून खिडकीशी नेली. “अरे वा. उलट जास्त स्पष्ट दिसतायत.”

मी जवळ गेले. पट्टीच्या पुढच्या टोकाशी, हात टेकतो तिथे, चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा होत्या. एकीवर एक, दाटीवाटीने, काही खोल, काही नुसत्या ओरखड्यासारख्या.

“नखं आहेत,” ते म्हणाले. “आमच्या हिची. बावीस वर्षं माझ्या शेजारी बसली. मी ब्रेक उशिरा दाबला की हिचा अंगठा इथे. तोंडाने कधी एक शब्द नाही बोलली बरं का. मी जन्मभर लोकांना नापास केलं, आणि घरी येताना ही मला इथे नापास करायची.”

मला हसू आलं. तेही हसले, आणि मग हसणं थांबवायला त्यांना जरा वेळ लागला.

“दोन वर्षं झाली जाऊन. बाकी सगळं आरशासारखं करा. फक्त एवढं राहू द्या.” आणि त्यांनी बाकावरचा खडू उचलला, त्या खुणांभोवती नीट गोल काढला, पेपर तपासल्यासारखा. “हे एवढं. विसरू नका हं, बाई.”

“नाही विसरणार,” मी म्हणाले.

आणि खरंच विसरले नाही. माझी चूक विसरण्याची नाही, हे आधीच सांगते. तो गोल पाहून माझ्या मनात आलं होतं की हा पुसायला हवा. पण दिवा लावायची वेळ झाली होती, आणि दिव्याला उशीर झालेला मला चालत नाही. म्हटलं, रात्री जेवताना बाबांना सांगू. रात्री त्यांचे डोळे ठणकत होते, दूधभाकरी खाऊन ते लवकर आडवे झाले. म्हटलं, झोपू दे. सकाळी पाटीवर लिहू.

सकाळी अंघोळ, पूजा, चहा. साडेसातला ट्रे घेऊन मी मागे गेले. रोज ते आठनंतर कामाला बसतात. त्या दिवशी डोळ्यांचा ठणका उतरला होता म्हणून लवकर उठले, आणि पूर्वेच्या खिडकीतलं ऊन बघून बसले. दाराकडे पाठ होती. हातात बुचाचा ठोकळा, त्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर. समोर पट्टी.

जाड लाकूड असतं तर दबलेल्या खुणेवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली असती. दबलेले धागे वाफेने फुगून आपोआप वर येतात. पण व्हिनिअर पातळ, खालचा सरस जुना, वाफ लागली की सुटतो. म्हणून हलक्या हाताने घासायचं. गोल अर्धा पुसला गेला होता. अर्धा होता. आतल्या निम्म्या खुणाही होत्या, दारातून दिसत होत्या मला.

माझं तोंड उघडलं. ‘बाबा’ हा शब्द जिभेवर आला होता, त्याची चवसुद्धा आठवते. आणि तो तिथेच थांबला. एकोणीस वर्षांचा नेम. मनात आलं, बोलायचं कशाला, जाऊन खांद्याला हात लावू. सात पावलं होती. हातात ट्रे होता. तो मी आधी खाली ठेवला, चहा सांडू नये म्हणून नीट ठेवला. मग गेले.

मी हात लावेपर्यंत त्यांचा ठोकळा चार वेळा जाऊन आला होता. त्यांनी पट्टी उन्हात धरली आणि प्रसन्न चेहऱ्याने माझ्याकडे वळले. “बघ सूनबाई. कुणी म्हणेल का इथे काही होतं?”

मी पाटी काढली. घाईघाईत लिहिलं, “खुणा ठेवायच्या होत्या. त्यांच्या पत्नीची नखं.”

त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. “मग गोल कुणी केला?”

“त्यांनी,” मी लिहिलं.

“तुझ्यासमोर?”

मी मान डोलावली.

“आणि आत्ता तू कधीची आली होतीस?”

मी पाटी उलटी धरली. त्यांनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याच्या आत जमिनीवर ट्रे होता, कपांवर बशा झाकलेल्या. त्यांनी तो पाहिला, आणि पुन्हा विचारलं नाही. स्टुलावर बसून राहिले. मीही बसले. चहा तिथेच गार झाला. दहा वाजेपर्यंत आम्ही दोघं त्या खोलीत तसेच होतो, आणि त्या दिवसाइतकं लांब मौन मी कधी पाळलं नाही.

दहाला मी म्हणाले, “बाबा, मला हाक मारता आली असती.”

“हाताला जे सांगितलं ते हाताने केलं,” ते म्हणाले. मला की स्वतःला, कळलं नाही. जरा वेळाने हळूच म्हणाले, “पन्नास वर्षं झाली सूनबाई. काढू नये ते कधी काढलं नव्हतं मी.”

दुपारी हे आले. ऐकलं आणि लॅकरचे डबे खाली ठेवता ठेवता म्हणाले, “हात्तिच्या! नखंच ना? बाबा तासाभरात नवीन उगवून देतील.”

मला वाटलं सासरे यांच्यावर ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी वर पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“मी पाहिल्यात त्या,” ते म्हणाले. “घासायच्या आधी बोटाने चाचपल्या होत्या. हाताच्या लक्षात आहेत.”

पितळेच्या तुकड्याला कानस लावून त्यांनी अंगठ्याच्या नखाएवढी धार केली. आधी टाकाऊ लाकडावर दाबून पाहिली, मग पट्टीवर. मी समोर बसून दुसऱ्या पट्टीची उखडलेली कड चिकटवत होते. ‘नको’ म्हणायचं होतं. पण सकाळी जिने हाक मारली नाही तिने दुपारी कुठल्या तोंडाने नको म्हणायचं? म्हाताऱ्या माणसाला त्या पितळेच्या तुकड्याने पुन्हा उभं केलं होतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याला नेमाचं कारणसुद्धा नव्हतं.

खुणा सुरेख झाल्या. तिथेच त्या खोट्या वाटल्या. खऱ्या खुणा घाबरलेल्या होत्या, एकीवर एक पडलेल्या. या शाळेतल्या मुलींसारख्या हात जोडून रांगेत उभ्या.

पुढचे दहा दिवस लॅकर. एक थर, वाळवणं, घासणं, पुन्हा थर. असे आठ थर. रोज सकाळी मी मौनात बसायचे आणि पूर्वी जिथे शांतता असायची तिथे ठोकळ्याचा आवाज यायचा. जाऊन येऊन चार वेळा. देवापुढे बसलं की आपण खरं बोलतो असं मला वाटायचं. आता मला कळेना की मी तिथे बोलत नाही ती कशासाठी.

काम संपलं त्या संध्याकाळी परीक्षकांचा फोन आला. उद्या सकाळी नवाच्या आत येतो म्हणाले.

“बघ, देवसुद्धा सोय करतो,” हे म्हणाले. “नवाला तुझं मौन. तुला तोंड उघडायचीच गरज नाही. मी बोलतो, बाबा बोलतील, तू हात जोडून उभी राहा.”

“ते विचारतील.”

“काय विचारतील? माणसाला जे बघायचं असतं ते तो बघतो. अगं, त्यांना सांगून काय मिळणार? त्यांची बायको परत येणार? की बाबांची मान खाली घालायची आहे तुला, या वयात?”

सासरे शेजारीच होते. त्यांनी ऐकलं आणि पट्टीवर फडकं मारत राहिले, जिथे धूळ नव्हती तिथेसुद्धा.

सकाळी पावणेनऊला परीक्षक टॅक्सीने आले. उतरता उतरता टॅक्सीवाल्याला म्हणाले, “तीन वेळा इशारा न देता वळलात.” अंगात नवा सदरा होता. आम्ही सगळी कामं ब्लँकेटवर मांडून ठेवली होती. त्यांनी डॅशबोर्डमध्ये वाकून पाहिलं तर आतून त्यांचाच चेहरा वर पाहत होता, अक्रोडाच्या गाठींमध्ये बुडालेला.

“पास,” ते म्हणाले. “पहिल्या फेरीत पास. मी असं फार कमी वेळा म्हटलंय, कारागीर.”

सासऱ्यांनी मान लववली. यांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली, की झालंच आता.

मग परीक्षक बाजूच्या पट्टीकडे वळले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आधी आपला अंगठा पुसला. नीट, नखाच्या कडेपासून. जसं माणूस देवाच्या पायाला हात लावण्याआधी पुसतो. अंगठा पुढे झाला.

“थांबा,” मी म्हणाले.

एकोणीस वर्षांत त्या घराने सकाळी माझा आवाज ऐकला नव्हता. सासरे असे दचकले, जणू घरात कुणी गेल्याची बातमी आली. तो आवाज मलाही परका वाटला, घोगरा, न वापरलेल्या कुलुपासारखा.

“त्याला हात लावू नका, साहेब. त्या खुणा तुमच्या पत्नीच्या नाहीत. त्या आम्ही केल्यात.”

“अगं...” हे म्हणाले.

“खऱ्या खुणा घासल्या गेल्या. आमच्याकडे खडूचा गोल म्हणजे दोष. तुम्ही गोल केलात तो मी पुसला नाही, आणि बाबांना सांगितलं नाही. सकाळी ते घासत होते तेव्हा मी दारात होते. निम्म्या शिल्लक होत्या. हाक मारली असती तर राहिल्या असत्या. सकाळी न बोलण्याचा माझा नेम आहे. मी नेम सांभाळला.”

अंगठा तसाच हवेत होता. मग त्यांनी तो रुमालात गुंडाळला, लागल्यासारखा.

“किती वेळ होता?” त्यांनी विचारलं.

“सात पावलं. आणि हातातला ट्रे खाली ठेवण्याइतका.”

ते रुमाल घट्ट करत राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. “बोलायचं नाही, हा नेम आमच्या घरीही होता,” शेवटी म्हणाले, “फक्त तिने तो देवापुढे घेतला नव्हता.” आणि मग वेगळ्याच, ऑफिसातल्या आवाजात, “या काढा. या मला नकोत.”

“पातळ झालंय तिथे,” सासरे म्हणाले. “आणखी घासलं तर पार जाईल. खालचं पांढरं लाकूड दिसेल.”

“दिसू दे.”

सासऱ्यांनी खरवडायचं पातं उचललं. त्यांचा तो तरुण हात पहिल्यांदाच म्हाताऱ्यासारखा हलत होता. मी त्यांच्या हातातून पातं घेतलं. त्यांनी देऊन टाकलं.

परीक्षकांना स्टूल दिलं, ते माझ्या खांद्याशी बसले. तळहाताएवढ्या जागेतलं लॅकर मी खरवडलं. आठ थर, दहा दिवसांचं काम, भुशासारखं ब्लँकेटवर पडलं. मग बारीक पेपर, बोटाच्या टोकावर घेऊन. शाळेतल्या मुली एकेक करून गेल्या. कडेला एका जागी खालचं लाकूड उघडं पडलं, तांदळाच्या दाण्याएवढं, पांढरं. सासऱ्यांनी दुसरीकडे पाहिलं. आमच्या कामात याहून मोठी लाज नाही. मी थांबले.

भुसा पुसायला ओलं फडकं फिरवलं आणि पाणी मुरायची वाट पाहत राहिले. तेवढ्यात ते दिसलं. खिडकीचं ऊन तिरपं होतं म्हणून दिसलं. पट्टीच्या त्या जागी एक कोर वर येत होती. खाच नव्हे, उलट उंचवटा, केसाएवढा. दबलेले धागे पाणी पिऊन उठत होते. मी हात बाजूला घेतला.

“हे काय?” परीक्षकांनी विचारलं.

“लाकूड दाबलं गेलं की त्याचा दाब आत राहतो,” सासरे हळूच म्हणाले. “वरचं घासलं आणि पाणी लागलं की ते तेवढंच फुगतं.”

परीक्षकांनी रुमाल सोडला. अंगठा त्या उंचवट्यावर ठेवला, अगदी न दाबता. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी मान न वळवता मला विचारलं, “ही तिची आहे ना?”

हे माझ्यामागे उभे होते. यांनी माझ्या पाठीला हलकेच बोट लावलं. त्या बोटाचा अर्थ मला कळला: एवढं तरी म्हण. एक शब्द, त्याने कुणाचंच काही बिघडत नाही. सासरेही माझ्याकडे पाहत होते. नखाने लाकूड दाबलं होतं, आणि पितळेनेही तिथेच दाबलं होतं. जे वर आलं ते कुणाचं, हे मला माहीत नव्हतं. तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. अंगठा उचलला नाही. “आणि वाळल्यावर?”

“थोडी खाली बसेल. किती, ते बघावं लागेल.”

“मग बघू,” ते म्हणाले. “त्या जागी लॅकर लावू नका.”

बाहेर टॅक्सीवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. कुणी उठलं नाही. पट्टीवरचं ओलं कडेकडून आत आटत चाललं होतं, आणि आम्ही चौघं तिच्यावर वाकून ती कोर राहते की जाते ते पाहत होतो. आत घरातल्या घड्याळात दहाचे टोले पडले. माझी बोलायची वेळ झाली. तिथे कुणीच बोलत नव्हतं.